आईची गोळी आणि नागपूर ते लंडन

गेल्या मे महिन्यात आई एकटीच नागपूरहून मुंबईमार्गे लंडनला निघाली, धाकट्या बहिणीकडे. तिकीट बघून म्हणाली, "मुंबईहून दुपारी १ ला निघून संध्याकाळी ६:३० ला पोचते. साडेपाचच तास लागतात गं!" आणि दर आठ तासांची गोळी विमानात घ्यायलाच नको, असं तिने ठरवून टाकलं. शाळेत भूगोल शिकवते मी. वही काढली आणि तिच्या शेजारी बसूनच हिशेब मांडला.

आधी नागपूर–मुंबई. नकाशाच्या ॲपवर विमानतळावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, नागपूर २१.०९ आणि ७९.०५. अक्षांशातला फरक २ अंश. एक अंश म्हणजे १११ किमी, म्हणजे २२२ किमी. रेखांशातला फरक ६.१८ अंश, पण इथे सरळ १११ ने गुणू नका. उत्तरेकडे जावं तशी रेखावृत्तं जवळजवळ येतात, म्हणून मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने (कॅल्क्युलेटरवरचं cos बटण) आणखी गुणायचं. २०.०९ अंशाचा कोसाइन ०.९४, म्हणून ६४४ किमी. आता पायथागोरस: २२२ चा वर्ग अधिक ६४४ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ६८१ किमी. (कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे ना, ते आधी बघा. रेडियनवर असला तर उत्तर भलतंच येतं.)

लंडनला ही रीत चालत नाही. तिथला हीथ्रो विमानतळ ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. मी मुद्दाम करून पाहिलं तर ७,५५० किमी आले, खऱ्या अंतरापेक्षा साडेतीनशेने जास्त. एवढ्या लांबवर पृथ्वीचा गोलावा मोजावाच लागतो. त्यासाठी घरातला ३० सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल घेतला आणि मुंबई ते लंडन दोरा ताणून धरला. आई चष्मा लावून बघत होती. दोरा पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र असा वर चढत गेला. पट्टीवर भरला १७ सेंमी. या गोलावर १ सेंमी म्हणजे सुमारे ४२४ किमी, म्हणून ७,२०८ किमी. त्रिकोणमितीच्या सूत्रानेही ७,२१० च्या आसपासच येतात. मुलांना शिकवायचं असेल तर मी दोराच हातात देईन.

वेळेसाठी जवळच्या उड्डाणाला ताशी ८०० किमी धरा, लांबच्याला ८५०, आणि चढण्या-उतरण्याची ३० मिनिटं वर घाला. नागपूर–मुंबई साधारण १ तास २० मिनिटं. मुंबई–लंडन ९ तास. पण पश्चिमेकडे जाताना उंचावरचा वारा समोरून येतो, शिवाय विमान दोऱ्याच्या रेषेने जातंच असं नाही. एखाद्या देशाचं आकाश बंद असलं की वळसा पडतो. म्हणून तासभर जास्त धरा. परतताना वारा पाठीशी असतो, तेव्हा वेळ कमी लागतो.

आता तिकिटाशी ताळा. त्यावरच्या दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. मे महिन्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच. साडेपाच अधिक साडेचार, बरोबर १० तास.

आईने वहीतला तो आकडा दोनदा वाचला. मग गोळ्यांची डबी बॅगेतून काढून पर्समध्ये ठेवली, आणि मी तिच्या घड्याळावर रात्री ९ चा गजर लावून दिला, भारतातल्या वेळेचा.