थर्मल कॅमेऱ्याच्या चित्रातली वस्तू कशी ओळखावी

थर्मल चित्र पहिल्यांदा पाहणारा हमखास फसतो, कारण तो त्यात नेहमीच्या फोटोतले रंग आणि सावल्या शोधतो. बहुतेक थर्मल कॅमेरे वस्तूंच्या उबेमुळे त्यांच्यातून बाहेर पडणारे, डोळ्यांना न दिसणारे 8 ते 14 मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण टिपतात, त्यामुळे इथे उजेडाचा संबंधच नाही.

आधी कडेची रंगपट्टी वाचा. 'व्हाइट हॉट' या रंगसंगतीत गरम भाग पांढरा, 'ब्लॅक हॉट'मध्ये काळा. लाल दिसलं म्हणजे तापलेलं, असं मात्र धरू नका. बरेच कॅमेरे चौकटीतल्या सर्वांत थंड आणि सर्वांत गरम भागांच्या मध्ये सगळे रंग वाटून टाकतात. फरक दोन अंशांचा असला तरी भिंत पेटल्यासारखी दिसू शकते.

मग आकार ओळखायची घाई न करता विचारा : ही ऊब आली कुठून? माणसाचा चेहरा उजळ आणि कपडे मंद दिसतात. नाकाचा शेंडा बऱ्याचदा गार असतो, डोळ्यांचे आतले कोपरे उबदार. चष्मा असेल तर डोळ्यांच्या जागी दोन गार चकत्या, कारण हे किरण काचेतून पार जात नाहीत. नुकतीच थांबलेली गाडी बॉनेट, टायर आणि सायलेन्सरवरून कळते. ओली फरशी बाष्पीभवनामुळे गार डागासारखी दिसते. भिंतीवर टेकवलेला हात काढला तरी पंजा काही क्षण तिथेच राहतो. तिथे आत्ता कुणी नाही, मघाशी होतं.

सगळ्यात लबाड म्हणजे चकचकीत धातू. तो स्वतः फार कमी किरण सोडतो आणि समोरच्यांचे परतवतो. स्टीलच्या भांड्यावर दिसणारा गरम डाग म्हणजे बहुधा तुम्हीच. दोन पावलं बाजूला सरका. डाग सरकला तर ते प्रतिबिंब. खात्री हवी असेल तर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, थोडं थांबा आणि टेपवरचं तापमान पाहा.

बाहेर वेळही सांभाळा. साधारण सकाळी आणि संध्याकाळी एकेकदा दगड, झाड, जमीन यांची तापमानं जवळजवळ सारखी होतात आणि सारं चित्र सपाट होऊन जातं.

अंतर वाढलं की प्रश्न पिक्सेलचा. अमेरिकी संशोधक जॉन जॉन्सन यांनी दूरची वस्तू ओळखण्यासाठी 1958 मध्ये मांडलेले निकष आजही वापरतात. वस्तूच्या सर्वांत अरुंद बाजूवर साधारण दोन पिक्सेल पडले तर 'काहीतरी आहे' एवढंच कळतं. माणूस की जनावर हे सांगायला आठेक लागतात, नेमकं कोणत्या प्रकारचं ते सांगायला तेराच्या आसपास. तेवढे असूनही अंदाज बरोबर येण्याची शक्यता निम्मीच.

तेवढे पिक्सेल नसतील तर डिजिटल झूम करू नका, त्याने ठिपके फक्त मोठे होतात. वस्तू हलेपर्यंत थांबा. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी 1973 मध्ये दाखवलं होतं की अंधारात सांध्यांवर लावलेले मोजके दिवे हलताना पाहूनही लोक चालणारा माणूस चटकन ओळखतात. तेच दिवे स्थिर असले की काही उमगत नाही. थर्मल चित्रातला धूसर ठिपकाही चार पावलं चालला, की त्याला पाय फुटतात.