पडद्यावर ३२, चाक मात्र बसलेलं: ई-स्कूटरमध्ये हवा भरताना या चुका टाळा

पेट्रोलची गाडी होती तेव्हा हवा आपोआप तपासली जायची. आठ-दहा दिवसांनी पंपावर जाणं व्हायचंच. पेट्रोल भरलं की गाडी हवेच्या मशीनपाशी न्यायची, पुढं किती, मागं किती ते सांगायचं आणि निघायचं. ई-स्कूटर आली, पार्किंगमध्येच चार्जिंग सुरू झालं आणि पंपावर जायचं कारणच संपलं. पहिले साडेतीन महिने मी चाकाला हात लावला नाही. "हल्ली रेंज देत नाही" अशी तक्रार घेऊन सर्व्हिसला गेलो, तर तिथल्या पोरानं अंगठ्यानं मागचं टायर दाबलं आणि माझ्याकडं नुसतं पाहिलं. ३२ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवी तिथं १७ होती.

त्याच आठवड्यात पाण्याच्या बाटलीएवढा, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेतला. वडिलांच्या जुन्या चेतकला स्टेपनी होती; आताच्या स्कूटरना ती नाही, त्यामुळं डिकीतला हा पंप हीच आमची स्टेपनी. पंप वापरायला सोपा आहे आणि त्याच सोपेपणात खरी मेख आहे. पडद्यावर ठळक आकडा दिसतो आणि आपण तो डोळे मिटून खरा मानतो. तो आकडा बरेचदा टायरमधला नसून नळीतला असतो. हे एवढं ध्यानात आलं असतं तर माझ्या निम्म्या चुका झाल्याच नसत्या.

दहा सेकंदांत ३२

शेजारच्या काकूंनी एकदा हाक मारली. त्यांचा पंप "फार पॉवरफुल" होता, दहा सेकंदांत ३२ दाखवून आपोआप बंद व्हायचा. गाडी मात्र वळणावर डुलायची. मी खाली बसून पाहिलं. नळीचं तोंड व्हॉल्व्हवर जेमतेम दोन आटे चढलेलं होतं. व्हॉल्व्हच्या आत मधोमध एक बारीक पिन असते. ती दाबली गेली तरच टायरचं दार उघडतं. तोंड अर्धवट बसलं की पिन दबत नाही, पंप बंद नळीत हवा कोंबतो, नळीतला दाब क्षणात ३२ वर जातो आणि पंप "झालं" म्हणून थांबतो. टायरमध्ये एक फुंकरसुद्धा गेलेली नसते.

बारा इंची रिमच्या टायरमध्ये साधारण सहा-सात लिटर जागा असते. २० वरून ३२ पर्यंत न्यायला छोट्या पंपाला मिनिटभर तरी लागतो, अगदी लहानखुऱ्या पंपाला त्याहून जास्त. दहा सेकंदांत काम झालं तर संशय घ्यायचा. याची साधी खूण म्हणजे पंप चालू न करता नुसती नळी जोडायची. टायरमध्ये हवा असेल तर आकडा लगेच उठला पाहिजे. शून्यच दिसत असेल तर एकतर पिन दबलेली नाही किंवा टायर खरोखर रिकामं आहे. दोन्हीतलं काय, ते अंगठा सांगतो.

उलटाही प्रकार होतो. पंप घरघरत राहतो आणि आकडा १८-१९ च्या पुढं सरकत नाही. अशा वेळी तोंडातली रबरी वायसर पाहा. ती चिरली असेल किंवा तिरकी बसली असेल तर हवा तिथूनच निघून जाते. कान जवळ नेला की फुसफुस ऐकू येते. मुलाच्या सायकलसाठी लावलेला अ‍ॅडॅप्टर तोंडात तसाच राहिलेला असणं हेही नेहमीचंच. स्कूटरचा व्हॉल्व्ह मोटारीसारखाच जाड असतो, त्याला नळीचं मूळ तोंड बसतं.

किती भरायची, हे पंपाला विचारू नका

पंपावर मोटार, बाइक, सायकल, फुटबॉल अशी चित्रं असतात. बाइकचं चित्र निवडलं की कंपनीनं आत भरून ठेवलेला आकडा येतो. तो तुमच्या गाडीचा नव्हे. सायकलच्या चित्रावर तर ४०-४५ येऊ शकतो आणि घाईत तेच दाबलं गेलं तर गाडी दगडासारखी कडक होते. पावसाळ्यात ओल्या पेव्हर ब्लॉकवर ती कशी सरकते, हे ज्यानं अनुभवलंय तो पुन्हा जास्त हवा भरणार नाही.

टायरच्या बाजूवर कोरलेला आकडाही आपल्या कामाचा नाही. तिथं बहुधा त्या टायरची कमाल मर्यादा असते. खरा आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये मिळतो. पुढचा आणि मागचा वेगळा असतो. मागच्याला एकटा आणि डबलसीट असे दोन आकडेही बऱ्याच ठिकाणी दिलेले असतात. मी हे तीन आकडे कागदाच्या पट्टीवर लिहून पंपालाच चिकटवलेत. बायको हसली होती, आता तीही तिथंच बघते.

एककाची गफलत तर हमखास. मॅन्युअलमध्ये कधी किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतं, कधी केपीए, पंपावर कधी बार. ३२ पीएसआय म्हणजे साधारण २.२ बार, २२० केपीए किंवा २.२५ किलो. पंपाचं बटण दाबताना एकक बदललं जातं आणि लक्षात येत नाही. समोर २.२ दिसलं आणि "अरे, एवढी कमी?" म्हणून वाढवत नेलं, असं मी स्वतः केलंय. आकडा पाहण्याआधी त्याच्या शेजारची बारीक अक्षरं वाचा.

गरम टायर

ऑफिसातून आल्या आल्या, हेल्मेट काढायच्या आधी हवा भरणं ही सगळ्यांचीच सवय, कारण तेव्हाच आठवतं. पण चाक धावल्यावर आतली हवा तापते आणि दाब वाढतो. सकाळी २५ अंशांना ३२ असलेलं टायर आतून ५० अंशांवर गेलं तर ३६ च्या आसपास दाखवतं. मग आपण "जास्त झाली" म्हणून सोडतो, ३२ वर आणतो आणि समाधानानं वर जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये २८ उरते. मॅन्युअलमधले आकडे थंड टायरचे असतात. रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी निघण्याआधी, सावलीत. बाहेर उन्हात लावलेली असेल तर न धावताही टायर तापतं, मे महिन्यात तर विचारूच नका.

रस्त्यात गरम टायरमध्ये हवा भरायचीच वेळ आली तर भरा, पण जास्तीची सोडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा.

नळी काढताना

पंप चालू असताना दिसणारा आकडा थोडा फुगलेला असतो, कारण हवा नळीतून जोरानं ढकलली जात असते. बंद केल्यावर काही सेकंद थांबलात की तो खाली येऊन स्थिर होतो. नंतर तोंडाचे आटे सोडवताना पिन शेवटच्या एक-दोन फेऱ्यांपर्यंत दबलेली राहते आणि तेवढ्या वेळात टायरमधलीच हवा "फुस्स" करून जाते. मोटारीच्या मोठ्या टायरला ते कळत नाही, स्कूटरच्या छोट्या टायरला एखादा पीएसआय सहज जातो. म्हणून मी लक्ष्य एकानं वाढवून ठेवतो आणि नळी एका दमात, न थांबता फिरवून काढतो. तोंड कापडानं धरायचं: भरल्यानंतर तो धातू चांगलाच चटका देतो. माझ्या तर्जनीवर महिनाभर डाग होता.

पुन्हा पुन्हा नळी लावून खात्री करणारे लोक असतात (मी होतो). दर वेळी थोडी हवा नळी भरायला जाते. चार वेळा तपासलं की चौथ्यांदा खरंच कमी भरते.

चावी बंद करा, ही गंमत नाही

ई-स्कूटर उभी असताना आवाज करत नाही. डबल स्टँडवर, चावी चालू, गाडी "रेडी"त आणि आपण मागच्या चाकात हात घालून व्हॉल्व्ह शोधतोय. तेवढ्यात कुणीतरी, बहुधा घरातलंच पोर, थ्रॉटल फिरवतं. पेट्रोलच्या गाडीचं इंजिन सावध तरी करतं. इथं मोटर थेट फिरते. साइड स्टँड लावल्यावर अनेक गाड्यांची मोटर बंद होते, पण त्या भरवशावर बोटं पणाला लावू नयेत. चावी बंद, आणि चाक हातानं फिरवायचं.

व्हॉल्व्ह कुठं आणायचा? अगदी खाली आला की नळी जमिनीला घासते आणि टायरमध्ये पंक्चरविरोधी जेल असेल तर ती नेमकी तिथं साचलेली असते. नळी जोडली की पिनेत आणि पंपात जेल चढते. तो पंप पुन्हा नीट चालत नाही. व्हॉल्व्ह वरच्या अर्ध्या भागात, घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी ठेवा. छोट्या चाकात डिस्क आणि हबमुळं हात शिरत नसेल तर काटकोनी जोडणी मिळते, तिचा उपयोग होतो. मात्र काम झालं की ती काढा. फिरत्या चाकावर लटकलेला तो धातू रबरी व्हॉल्व्हला बुडाशी हलवत राहतो आणि तिथं भेग पडते.

पंपाचेही लाड लागतात

सलग किती मिनिटं चालवायचा ते पंपाच्या डबीवर लिहिलेलं असतं, आणि तो आकडा मोठा नसतो. दोन्ही चाकं अगदी बसलेली असतील तर मध्ये पाच-सात मिनिटं विश्रांती द्या.

"पंप चार्ज होत नाही, खराब निघाला" म्हणून परत करणारे दोघं मला माहीत आहेत. दोघांनीही मोबाइलचा नवा फास्ट चार्जर वापरला होता, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीचा. स्वस्तातले बरेच पंप अशा वायरीशी बोलतच नाहीत. पंपासोबत आलेली, एका टोकाला रुंद यूएसबी असलेली वायर आणि साधा जुना चार्जर लावून पाहा.

डिकीत टाकून विसरणं ही मात्र खरी चूक. त्यात लिथियमची बॅटरी असते, आणि भर उन्हात उभ्या गाडीची डिकी म्हणजे भट्टी. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळाभर तरी तो घरात ठेवावा, लांबच्या प्रवासाला बरोबर घ्यावा. महिन्यातून एकदा चार्जिंग पाहावं. पंक्चरच्या वेळी मेलेला पंप काढून दाखवण्यासारखी फजिती नाही.

हवा कुठं जाते?

टायर चांगलं असेल तर महिन्याला एक-दोन पीएसआय कमी होणं नेहमीचं. आठवड्यात पाच-सहा जात असतील तर ती गळती आहे, आणि पंप हाताशी असला की ती गळती झाकली जाते. मी दोन महिने दर रविवारी मागच्या चाकात हवा भरत होतो, "पंप आहे ना" म्हणत. शेवटी नाक्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडं गेलो. त्यांनी पाण्याचं टब काढलं नाही, टायर खोललं नाही. टोपण काढलं, बोट जिभेला लावलं आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवलं. थुंकीचा बुडबुडा हळूच फुगला. "हवा नको, पिन पाहिजे," म्हणाले. पिन बदलली, वीस रुपये घेतले.

तेव्हापासून आधी साबणाचं पाणी: व्हॉल्व्हचं तोंड, मग त्याचं बूड, मग रिमची कड, शेवटी टायरचा पृष्ठभाग. टोपणही नेहमी लावतो. ते हवा अडवत नाही असं लोक म्हणतात, पण पावसाळ्यात पिनेत चिखल जाऊ देत नाही, तेवढं पुरे.

खिळा दिसला तर रस्त्यात उपटू नका. ट्यूबलेस टायरमध्ये तो आत आहे तोवर बऱ्यापैकी हवा धरून ठेवतो. हवा भरा, हळू चालवा, दोन किलोमीटरवर थांबून पुन्हा पाहा. आणि टायरची कड रिमवरून सुटून आत पडली असेल तर छोटा पंप कितीही घरघरला तरी उपयोग नाही. ती कड बसवायला एकदम भरपूर हवेचा झोत लागतो, तो दुकानातल्या कॉम्प्रेसरकडंच असतो. अशी गाडी ढकलतही नेऊ नका, एकशे दहा-वीस किलोचं वजन रिमवर येतं आणि कडा वाकतात. छोटा टेम्पो बोलवा.