जुन्या स्पीकरच्या दोन जोड्यांची तुलना करताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी मी दोन जुन्या जोड्या शेजारी शेजारी मांडून सलग तीन संध्याकाळी ऐकल्या आणि त्यांतली एक मंद, झाकोळलेली आणि झांजेला न्याय न देणारी असल्याचा निकाल वहीत लिहून ठेवला. महिन्याभराने त्या जोडीची जागा बदलताना उजव्या पेटीच्या मागची, ट्वीटरची (उंच स्वर वाजवणाऱ्या छोट्या घटकाची) पातळी कमीजास्त करणारी खुंटी सहज फिरवली गेली. आतून करकर झाली आणि पाठोपाठ झांज लख्ख वाजू लागली. खुंटीच्या आतली पट्टी गंजली होती आणि ट्वीटरची जोडणी जवळजवळ तुटलेलीच होती, म्हणजे तीन संध्याकाळी मी पारखत होतो तो गंज. वहीतला निकाल खोडावा लागला.

चाळीस-पन्नास वर्षे टिकलेला स्पीकर हा केवळ एक मॉडेल राहत नाही. कुठे साठवला, किती जोरात वाजला आणि कोणी दुरुस्त केला यावर त्याचा आवाज ठरतो. म्हणून दोन जोड्यांची तुलना सुरू करण्याआधी प्रत्येक जोडीतल्या दोन पेट्यांची आपसांत तुलना झाली पाहिजे, आणि बहुतेक लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

पेटीला पेटी लावून न पाहणे

ॲम्प्लिफायर मोनोवर ठेवा (म्हणजे दोन्ही पेट्यांना एकच आवाज मिळतो), एकाच जोडीच्या दोन्ही पेट्या एकमेकींना चिकटून आपल्याकडे तोंड करून ठेवा आणि पिंक नॉइज हा चाचणीचा आवाज लावून बॅलन्सची खुंटी डावीकडून उजवीकडे फिरवा. हा धबधब्यासारखा आवाज दोन्ही पेट्यांतून एकाच रंगाचा यायला हवा. एका पेटीत तो जाडसर आणि दुसरीत सुसू करणारा वाटला, तर पेट्यांच्या जागा बदला. फरक पेटीबरोबर सरकला तर दोष पेटीत आहे. तो त्याच जागी राहिला तर खोलीत किंवा ॲम्प्लिफायरच्या त्या बाजूला आहे, आणि मग वायरी अदलाबदल करून तेही पाच मिनिटांत कळते.

दोष पेटीत निघाला तर सर्वांत आधी वूफरची, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या घटकाची, कड (पडद्याभोवतीची लवचीक पट्टी) पाहावी. पॉलियुरेथेन फोमची कड न वाजवताही साधारण पंधरा-वीस वर्षांत कुजते. बोट लावले की चिकट भुगा हाताला येतो. ॲकॉस्टिक रिसर्च या अमेरिकी कंपनीच्या, १९६७ साली आलेल्या एआर-३ए या गाजलेल्या स्पीकरच्या सुरुवातीच्या वूफरना कापडी कड होती आणि फोम नंतर आला, त्यामुळे एकाच नावाच्या दोन पेट्यांत दोन प्रकारचे वूफर सापडू शकतात. कापड फोमसारखे कुजत नाही, मात्र त्यावरचा हवाबंद करणारा लेप सुकला की त्यातून हवा झिरपू लागते. बंद पेटीचा वूफर दोन्ही हातांच्या बोटांनी, पडद्याच्या मध्यापासून सारख्या अंतरावर, अगदी हलकेच आत दाबून सोडावा. तो सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे. झटकन उसळला तर कडेतून किंवा वूफरच्या बुडाखालच्या पट्टीतून हवा सुटते आहे. दाबताना कागदावर नख ओढल्यासारखा आवाज आला तर व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारे तारेचे वेटोळे) घासते आहे. कड नवी लावताना कॉइल मध्यावर न ठेवता चिकटवलेली असते, हे त्याचे नेहमीचे कारण.

मल्टिमीटरच्या बाबतीत एक फसगत जवळजवळ प्रत्येकाची होते. आठ ओहमच्या स्पीकरच्या मागच्या टर्मिनलवर साडेपाच ते सात ओहम दिसले की लोक ‘सगळे ठीक’ म्हणून मोकळे होतात. परंतु ट्वीटरच्या वाटेवर कॅपॅसिटर असतो आणि मल्टिमीटरचा डीसी प्रवाह त्यातून जात नाही, त्यामुळे तो आकडा बहुधा एकट्या वूफरचा असतो. ट्वीटर मेलेला असला तरी मीटर तेच सांगेल. त्यापेक्षा कागदाची सुरळी करून एक टोक कानाला आणि दुसरे ट्वीटरसमोर धरावे व दोन्ही पेट्यांचे ट्वीटर एकामागून एक ऐकावेत.

ट्वीटर जिवंत आहे पण दबलेला आहे, अशा वेळी संशय क्रॉसओव्हरमधल्या, म्हणजे वूफर आणि ट्वीटर यांच्यात स्वर वाटून देणाऱ्या मंडळातल्या, इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरवर घ्यावा. वयाबरोबर त्यांचे मूल्य सरकते आणि आतला रोध वाढतो. यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे फिल्म कॅपॅसिटर बसवणे, आणि तुलनेतली एक सूक्ष्म चूक इथेच होते. फिल्म कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध मूळ इलेक्ट्रोलिटिकपेक्षा, तो नवा असतानाही, कमी असतो. म्हणून त्याच मूल्याचा फिल्म कॅपॅसिटर लावल्यावर ट्वीटर मूळ रचनेपेक्षा थोडा वर जाऊ शकतो; जाणकार दुरुस्ती करणारे यासाठी मालिकेत अर्ध्या ओहमच्या आसपासचा रोधक घालतात. एका जोडीत नवे कॅपॅसिटर आणि दुसरीत जुनेच, अशी मांडणी ऐकून ‘ही कंपनी उजळ आवाजाची’ असे म्हणणे म्हणजे दुरुस्तीला कंपनीचे नाव देणे होय. शिवाय कॅपॅसिटर बदलायचेच असतील तर दोन्ही पेट्यांतले एकाच वेळी बदलावेत.

लाल टर्मिनलवर विसंबणे

एका पेटीतल्या वायरी उलट जोडल्या गेल्या की खर्ज विरतो आणि गायक दोन पेट्यांच्या मध्ये उभा राहण्याऐवजी खोलीभर पसरतो. दीड व्होल्टच्या बॅटरीचा धन टोक लाल टर्मिनलला आणि ऋण टोक काळ्याला क्षणभर टेकवून वूफर कुठे सरकतो ते पाहावे. बहुतेकांचा वूफर बाहेर येतो. जेबीएलच्या जुन्या स्पीकरमध्ये तो आत जातो, कारण त्यांची जुनी पद्धतच उलटी होती. तो बिघाड नव्हे. जोडीतल्या दोन्ही पेट्यांचे वूफर एकाच दिशेने सरकले म्हणजे झाले.

पातळी न जुळवता ऐकणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. जोड्यांची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेवर मिळणारा आवाज, वेगवेगळी असते. बीबीसीने फिरत्या प्रक्षेपणाच्या गाड्यांतल्या अडचणीच्या जागेसाठी विकसित केलेला एलएस३/५ए हा छोटा स्पीकर तेवढ्याच व्होल्टवर एक मीटर अंतरावर सुमारे ८३ डेसिबल आवाज देतो, तर त्याच काळातले मोठे स्पीकर ८९-९० डेसिबलपर्यंत जातात. सहा डेसिबलचा फरक भरून काढायला चौपट वॅट लागतात. खुंटी न हलवता एकीवरून दुसरीवर गेलात तर मोठी जोडी जिंकणारच, आणि त्यात तिच्या गुणांचा काही संबंध नसेल.

एवढा ढोबळ फरक निदान लक्षात तरी येतो. घात करतो तो एका डेसिबलचा फरक, कारण कानाला तो ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवतच नाही. तो ‘भरीव’, ‘मोकळा’, ‘तपशीलवार’ म्हणून जाणवतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले होते की पातळी उतरली की कानाला खर्ज मधल्या स्वरांच्या मानाने अधिकच क्षीण ऐकू येतो. म्हणून किंचित हळू वाजणारी जोडी आपोआप पातळ वाटते.

ही पातळी जुळवण्यासाठी फोनवरचे साधे मीटर पुरते, कारण खरा आकडा नको असून फक्त दोहोंतला फरक हवा असतो. फोन बसण्याच्या जागी कानाच्या उंचीवर स्टँडवर ठेवा आणि मोजणी संपेपर्यंत हलवू नका. नॉइज पूर्ण पट्ट्यातला न घेता ५०० ते २००० हर्ट्झमधला घ्यावा. नाहीतर ज्या जोडीचा खर्ज मोठा, तिचा आकडा फुगतो आणि आवाज कमी करताना तिचा मधला पट्टा विनाकारण दबतो. फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आणावा, जमल्यास त्याहून कमी. वेगळी यंत्रे नसतील तर ऐकायच्या गाण्याची दुसरी प्रत तेवढ्या डेसिबलने उतरवून ठेवावी आणि जोरात वाजणाऱ्या जोडीला ती द्यावी. खुंटीला हात लावावाच लागत नाही.

खोलीचा हिशेब स्पीकरच्या नावावर मांडणे

४.३ मीटर लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपास स्वर घुमतो, मग पेटी कोणाचीही असो. पाठीमागची भिंत वूफरपासून एक मीटरवर असेल तर भिंतीवरून परतणारी लाट ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ स्वर कापते. तीच पेटी साठ सेंटिमीटरवर सरकवली की तो खड्डा १४३ हर्ट्झच्या जवळ जातो. दोन जोड्या शेजारी शेजारी ठेवल्या की एक जोडी कोपऱ्याकडे ढकलली जाते आणि तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा तिच्यात जास्त ऐकू येतो. जमिनीवर चिकटपट्टीने खुणा करून प्रत्येक जोडी त्याच खुणांवर आणावी आणि न वाजणारी जोडी खोलीबाहेर न्यावी. पेट्या उचलून कंबर दुखते, हे मान्य.

अर्थात एकच जागा हा पुरता न्याय नव्हे. एआर-३ए फडताळात भिंतीलगत ठेवण्याच्या हिशेबाने बनवला होता, तर एलएस३/५ए स्टँडवर भिंतीपासून सुटा उभा राहिला की खुलतो. म्हणून मी दोन फेऱ्या करतो: पहिली एकाच खुणांवर, दुसरी प्रत्येकाला त्याची हक्काची जागा देऊन. दोन्ही फेऱ्यांत टिकलेले मत तेवढे विश्वासाचे.

ए आणि बी ही दोन्ही बटणे एकदम दाबणे

अनेक ॲम्प्लिफायरवर स्पीकरच्या दोन जोड्यांसाठी ए आणि बी अशी बटणे असतात. दोन्ही दाबून चार ओहमच्या दोन जोड्या समांतर जोडल्या की ॲम्प्लिफायरला दोन ओहम दिसतात आणि काही ॲम्प्लिफायर तिथेच मान टाकतात. काहींत त्या मालिकेत जोडल्या जातात आणि मग आवाजाचा पोतच बदलतो. एका वेळी एकच बटण दाबावे. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर असेल तर बदल करताना तो क्षणभरही स्पीकरविना वाजत राहू देऊ नये. त्याचा निर्गम (आउटपुट) रोध मोठा असल्यामुळे पंधरा ओहमची जोडी आणि चार ओहमची जोडी त्यावर निरनिराळ्या वागतात, म्हणून तुलना ज्या ॲम्प्लिफायरवर पुढे ऐकायचे आहे त्यावरच करावी.

डोळे उघडे ठेवून निकाल देणे

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेच श्रोते तेच स्पीकर पडद्याआड आणि पडद्याविना ऐकत होते, आणि स्पीकर दिसू लागल्यावर त्यांचे गुण बदलले. अक्रोडाच्या लाकडाची पेटी आणि जुने बोधचिन्ह दिसत असताना आपले कान तटस्थ राहतील अशी अपेक्षा मी स्वतःकडून ठेवत नाही. घरातल्या कुणाला तरी जोडी निवडायला सांगावे, समोर पातळ कापड टांगावे आणि नाव कळण्याआधी मत लिहून काढावे. आवाजाचा बारीक पोत काही सेकंदांपलीकडे लक्षात राहत नाही, म्हणून वीस सेकंदांचा एकच तुकडा फिरून फिरून ऐकणे बरे. जागा बदलायला पाच मिनिटे लागत असतील तर दोन्ही जोड्या एकाच ठिकाणाहून रेकॉर्ड करून ठेवल्या तरी निदान कुठे फरक आहे त्याची दिशा मिळते.

मात्र अशा झटपट बदलात उजळ जोडीची सरशी होते आणि तीच जोडी तासाभराने डोके उठवते. फरक शोधून झाला की प्रत्येक जोडी आठवडाभर एकटीच लावून ठेवावी आणि आपण रेकॉर्ड अर्ध्यावर किती वेळा बंद केली ते मोजावे. त्यानंतरही निवड होत नसेल, तर ज्या जोडीचा ट्वीटर उद्या जळाला तरी तसाच दुसरा मिळू शकतो, ती ठेवावी.