फाल्गुनातला अवकाळी: अंदाज वाचताना आणि वावरात या चुका टाळा

होळीच्या आगेमागे विदर्भात बहुतेक वर्षी असा एखादा आठवडा येतोच. दुपारी पंखा लावायची सवय झालेली असते आणि अचानक आभाळ भरून येतं, वावधन सुटतं, पारा पाच-सहा अंशांनी उतरतो. सरी येतात, जातात, पुन्हा येतात. उत्तरेकडून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची प्रणाली, सरकत असतो, त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे मध्य भारतात शिरतात. जमिनीलगतची ही ओली हवा उन्हाने तापून वर उसळते आणि वर थंड, कोरडी हवा मिळाली की तास-दोन तासांत ढगांचे डोंगर उभे राहतात. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ-मराठवाड्याला गारपिटीने झोडपलं, ते याच दिवसांत.

अशा हवेत होणाऱ्या बऱ्याच चुकांचं मूळ एकच असतं. आपण जूनच्या सवयीने ‘पाणी किती पडणार’ एवढंच बघतो. मार्चमध्ये आधी बघायचं ते वारा किती, विजा आहेत का आणि वेळ कोणती.

‘तुरळक’ म्हणजे थोडा, असं समजणं

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ किंवा ‘एक-दोन ठिकाणी’ असं लिहिलेलं असतं. लोक वाचतात, पाऊस किरकोळ आहे. पण हा शब्द जागेबद्दल आहे, जोराबद्दल नाही. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. जिथे होईल तिथे तो पऱ्हाटी आडवी करणाऱ्या वाऱ्यासकट होऊ शकतो. म्हणूनच तर ऐकू येतं, “भाऊ, पल्याडच्या गावात बोराएवढ्या गारा पडल्या अन् आपल्या इकडे टिपूस नाही.” अंदाज चुकला म्हणून शिव्या देण्याआधी तो शब्द पुन्हा वाचावा.

‘हलका पाऊस’ या शब्दाचंही तसंच. २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत पडलेला पाऊस हवामान खात्याच्या नोंदीत हलकाच. गारांसकट अर्ध्या तासात १२ मिलिमीटर पडून सोंगलेला, म्हणजे कापून ठेवलेला, हरभरा मातीत गेला, तरी कागदावर तो हलकाच राहणार. त्यामुळे अंदाजातल्या ‘ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे’, ‘मेघगर्जना’, ‘गारपीट’ या शब्दांकडे आधी बघा, मिलिमीटर नंतर. विदर्भ म्हणजे बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंत ११ जिल्हे. ‘विदर्भात पाऊस’ या मथळ्यावरून मजूर परत पाठवू नका, आपल्या जिल्ह्याचा रंग बघा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातचं काम सोडून सुरक्षित व्हा.

आणखी एक घोळ तारखेचा आहे. खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. १८ तारखेचा इशारा १९ च्या पहाटेलाही लागू असतो. रात्री बारा वाजता ‘आजचा दिवस टळला’ म्हणून ताडपत्री काढून ठेवणारे इथेच फसतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नकाशावर तर पुष्कळदा तारीखच नसते. असा नकाशा बिनकामाचा, कितीही लाल असला तरी.

सकाळच्या उन्हावर विश्वास ठेवणं

सकाळी लख्ख ऊन पडलं की सोंगणीला माणसं लागतात. पण ओल असलेल्या हवेत हेच ऊन संध्याकाळच्या ढगाचं इंधन आहे. वादळ बहुतेक दुपारी तीननंतर ते रात्रीपर्यंत उठतं. इशारा असलेल्या दिवशी दुपारपर्यंत जेवढं गोळा करून झाकता येईल तेवढंच सोंगा. उभ्या हरभऱ्यापेक्षा सोंगून पसरलेला हरभरा जास्त मरतो: घाटे मातीला टेकतात, दाणा काळवंडतो आणि बाजारात डागी म्हणून भाव पडतो. हार्वेस्टर मिळतोय म्हणून ओलसर पिकात घालायची घाईही महागात पडते. एक दिवस कडक उन्हाची वाट बघणं परवडतं.

गंजी झाकून विसरणं

सोंगलेल्या पिकाची गंजी लावताना खाली तुराट्यांचा (तुरीच्या काड्यांचा) किंवा पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या काड्यांचा) थर द्या, बाजूने पाणी निघायला चर काढा आणि ताडपत्रीच्या कडा माती भरलेल्या पोत्यांनी दाबा. नुसते गोटे ठेवले तर वारा एक कोपरा उचलतो आणि मग सगळंच जातं. घराच्या टिनांवरही सुटे गोटे ठेवायची आपल्याकडे रीत आहे. वादळात तेच खाली येतात. टिना हुकाने आवळून घ्या.

झाकण्यात निष्काळजीपणा होतोच, पण न उघडण्यात जास्त होतो. पाऊस थांबून ऊन पडलं तरी ताडपत्री तशीच राहते, आत वाफ धरते, माल गरम होतो आणि बुरशी लागते. गंजीत हात घालून बघा. गरम लागलं तर त्याच दिवशी फोडून पातळ पसरा, दिवसातून दोन-तीनदा खालीवर करा. दाणा दाताखाली कडक फुटेपर्यंत मळणी नको आणि पोती भरणं तर नकोच. कुटार भिजलं असेल तर तेही वाळवूनच जनावरांना टाका.

गहू आणि संत्रा

दाण्यावर आलेल्या गव्हाला वाऱ्याच्या दिवसात पाणी देऊ नका. जमीन मऊ झाली की पीक लोळतं. लोळलेला गहू बांधून उभा करण्यात मजुरी घालवण्यापेक्षा साचलेलं पाणी बाहेर काढा.

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड भागात संत्र्याचा आंबिया बहार (हिवाळ्याच्या अखेरीस येणारा फुलोरा) याच वेळी फुलावर किंवा बारीक फळावर असतो. गळ दिसली की दुकानदार देईल ते टॉनिक मारलं जातं. आधी आळ्यातलं पाणी काढा, पडलेली फळं उचला, मोडलेल्या फांद्या साफ कापून जखमेला बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. बुरशीनाशक मारायचंच तर वारा पडल्यावर, सकाळी. वाऱ्यात औषध झाडापेक्षा फवारणाऱ्याच्या तोंडावर जास्त जातं आणि २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते विसरण्यासारखं नाही.

विजेला कमी लेखणं

पहिले चार थेंब आले की माणूस धुऱ्यावरच्या मोहाखाली किंवा कडुलिंबाखाली धावतो. याहून मोठी चूक या दिवसांत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. ३० च्या आत आवाज आला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या टप्प्यात आहे, म्हणजे वावर सोडायची वेळ झाली. पक्कं घर किंवा बंद काचांची चारचाकी गाडी चालेल. चारही बाजूंनी उघडी टिनाची झोपडी पावसापासून वाचवते, विजेपासून नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बायांनाही हे सांगायला हवं, कारण रात्रीचं वादळ कधी पहाटेपर्यंत रेंगाळतं.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं. गुराख्याच्या फोनमध्ये ते आधी टाका.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहतो, हा समज जीव घेतो. करंट राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन लावा. शेणात पुरून ठेवण्यात मोलाची मिनिटं जातात. तुटलेल्या तारेचं मात्र उलटं आहे: तिच्याजवळ जाऊ नका, महावितरणला १९१२ वर कळवा.

पंचनाम्याआधी वावर साफ करणं

मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं लागतं आणि ते दिसावं लागतं. तलाठी, कृषी सहायक येण्याआधी पीक उचलावंच लागलं तर गट नंबर ओळखू येईल असे, तारखेसह फोटो काढा आणि अर्ज लेखी देऊन पोच घ्या. पीकविम्याचा ‘७२ तासांत कळवा’ हा जुना मेसेज अजून फिरतोय. राज्याने २०२५ मध्ये योजना बदलून भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक वावरांत कापणी करून मोजलेल्या उत्पन्नावर, आणली, त्यामुळे यंदा तुमच्या पॉलिसीत काय आहे ते कृषी कार्यालयात विचारून घ्या. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइल ॲपवरच्या पीक नोंदणीत, रब्बीचा हरभरा नोंदवलाय की नाही, हेही त्याच फेरीत बघून या. सातबाऱ्यावर पीकच नसेल तर पंचनामा करणाऱ्याचेही हात बांधलेले असतात.