स्पोर्ट्स कारच्या चाकांचे नट आवळण्याआधी

सगळ्यात आधी गाडीचं मॅन्युअल उघडा आणि नट किती आवळायचे तो आकडा तिथूनच घ्या. मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला चालत नाही. अलीकडच्या माझदा एमएक्स-५ ला १०८ ते १४७ न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं, माप) सांगितलेत, २०१५ पासूनच्या फोर्ड मस्टँगला २०४, तर अलीकडच्या पाच बोल्टवाल्या पोर्शे ९११ ला १६०. (मधोमध एकच मोठा नट असलेल्या सेंटर लॉक चाकांचं काम निराळं, अवजारंही निराळी. ती चाकं इथे धरलेली नाहीत.) आकडा फूट-पाउंडमध्ये असेल तर १.३५६ ने गुणून घ्या. १०० फूट-पाउंड म्हणजे १३६ न्यूटन मीटर. ते न बघता टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला पोचलं की क्लिक देणारा पाना) १०० न्यूटन मीटरवर लावला, तर नट पाव हिश्शाहून जास्त सैल राहतात.

मग नट तपासा. नटाची बैठक, म्हणजे रिमला टेकणारा भाग, आणि रिममधली बैठक एकाच आकाराची हवी. बाजारातल्या बहुतेक अलॉय व्हील्सना ६० अंशांच्या शंकूची बैठक असते, तर होंडा आणि पोर्शेच्या कंपनीच्या चाकांना गोलाकार. शंकूचा नट गोल बैठकीत टेकतो तो एका बारीक कडेवर. रेंच वेळेवर क्लिक देतो आणि थोड्याच अंतरात नट सैल पडतो. आट्यांची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं मिमीतलं अंतर, तीही बघा. टोयोटा, होंडा, माझदाच्या बऱ्याच गाड्यांना १२ मिमीच्या स्टडवर (नट ज्यावर चढतो तो आटेदार दांडा) १.५ पिच असते, निसान आणि सुबारूला १.२५. जीआर ८६ वर टोयोटाचा बिल्ला असला तरी ती सुबारूबरोबर घडलेली गाडी, तिला १.२५ लागते. चुकीच्या पिचचा नट दोनेक फेरे गुमान जातो आणि मग अडकतो. तिथे जोर लावला की आटे गेलेच. स्पेसर (चाकामागे घालायची जाड चकती) किंवा नवीन रिम बसवली असेल तर हाताने फिरवताना फेरे मोजा. १२ मिमी स्टड आणि १.५ पिच असेल तर नट किमान आठ पूर्ण फेरे जायला हवा.

आता साफसफाई. सर्वात जास्त वेळ इथे द्या, कारण नेमका इथेच बहुतेकजण हात आखडता घेतात. नट आवळल्यावर स्टड किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, दाबून धरतो. चाक जागेवर राहतं ते या दाबामुळे, चाक आणि हब यांच्यातल्या घर्षणाने. रेंचला मात्र हा ताण दिसत नाही, नट फिरवायला किती जोर लागला एवढंच त्याला कळतं. त्या जोरातला सुमारे ९० टक्के भाग आट्यांमध्ये आणि नटाच्या बैठकीखाली घर्षणातच जिरतो. म्हणून गंजलेल्या आट्यांवर रेंच लवकर क्लिक देतो आणि स्टड पुरेसा ताणलेला नसतो. ऑइल लावलेल्या आट्यांवर उलटं होतं: त्याच आकड्याला स्टड गरजेपेक्षा खूप जास्त ताणला जातो. मॅन्युअलमध्ये काही वेगळं लिहिलं नसेल तर आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांचा समजावा. आटे तारेच्या ब्रशने घासा, फडक्याने पुसा आणि कोरडे ठेवा. हबचा सपाट भाग आणि चाकाची मागची बाजूही घासून काढा. तिथे गंजाची खपली किंवा रंगाचा थर राहिला तर पुढे तो दबतो आणि आवळलेला नट ढिला होतो. ग्रीस लावायचंच असेल तर हबच्या मधल्या गोल कडेवर अगदी पातळ हात फिरवा, सपाट पृष्ठावर अजिबात नको.

अवजारांत अर्ध्या इंचाच्या चौकोनी टोकाचा टॉर्क रेंच हवा आणि आपला आकडा त्याच्या रेंजच्या मधल्या भागात यावा. रेंचचं कॅलिब्रेशन (आकडा अचूक आहे का याची तपासणी) वर्षभरात झालेलं असावं. रिमला ओरखडा पडू नये म्हणून प्लास्टिकचं आवरण असलेलं पातळ भिंतीचं सॉकेट घ्या. नट सोडवायला लांब दांड्याचा पाना वेगळा ठेवा, ते काम टॉर्क रेंचने करू नका. लॉक नटची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या खास नटाची) चावी गाडी उचलण्याआधी शोधून हाताशी ठेवा. गाडी जमिनीपासून फार कमी उंचीवर असेल तर कमी उंचीचा जॅक लागेल. जॅक स्टँड आणि उरलेल्या चाकांना ठोकळे लावल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. आणि चाकं, ब्रेकच्या डिस्क थंड होऊ द्या, ट्रॅकवरून आल्या आल्या तर मुळीच नको.

चाक हवेत असताना नट बोटांनी चढवा, मग एकाआड एक क्रमाने हलके आवळा, म्हणजे चाक मधोमध बसेल. इम्पॅक्ट गनने शेवटचा आवळ देणाऱ्याच्या हाती मी तरी गाडी देणार नाही. टायर जमिनीला टेकला आणि चाक फिरेनासं झालं की त्याच क्रमाने आधी निम्म्या आकड्यावर, मग पूर्ण आकड्यावर. रेंच मुठीच्या ठिकाणी धरून सावकाश ओढा, एक क्लिक झाला की थांबा. खात्रीसाठी दुसरा क्लिक घेतला की नट आणखी आवळला जातो. नट कमीजास्त आवळले गेले तर डिस्कवर वाकडा दाब येतो आणि ब्रेक मारताना पेडल थरथरू शकतं.

५० ते १०० किलोमीटर गाडी चालवून झाल्यावर, चाकं थंड असताना, त्याच आकड्यावर सगळे नट पुन्हा तपासा. क्लिक व्हायच्या आधी एखादा नट सहज फिरला, तर नुसता आवळून सोडून देऊ नका. चाक काढा, त्या नटाची बैठक आणि हबचा सपाट भाग पुन्हा बघा.