केमोपोर्ट हाताळताना या चुका टाळा

केमोपोर्ट म्हणजे केमोसाठी छातीवर कातडीखाली बसवलेली छोटी डबी, तिची नळी (कॅथेटर) मोठ्या शिरेत जाते. सलाईन जातंय म्हणजे पोर्ट ठीक आहे, हा समज आधी डोक्यातून काढा. सोलापुरात केमोसाठी मंगळवेढा, अक्कलकोट, पार विजापूरकडून पेशंट येतात आणि प्रत्येकाला संध्याकाळची एसटी गाठायची असते. सलाईन जातं, सिरिंज ओढल्यावर रक्त मागे येत नाही, नातेवाईक दारात घड्याळ बघत उभे. मग कुणीतरी म्हणतं, "जातंय ना, लावू या." आणि लावतात डॉक्सोरुबिसिन, शिरेबाहेर पडलं तर मांस जाळणारं केमोचं औषध! कॅथेटरच्या टोकावर फायब्रिनचं (रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांचं) आवरण असेल तर ते ढकलताना उघडतं आणि ओढताना मिटतं. औषध त्या आवरणातून कॅथेटरच्या कडेने उलटं सरकतं आणि गळ्याजवळ किंवा छातीवर शिरेबाहेर पडतं. आधी आग, मग लाली, नंतर कातडी काळी पडून जखम. पुढे प्लास्टिक सर्जन. कन्नड बोलणाऱ्या पेशंटला "आग होते का" एवढं तरी त्याच्या भाषेत विचारायला शिका.

रक्त येत नसेल तर निडल पोर्टच्या तळाला टेकलीय का बघा. अंगाने भरलेल्या पेशंटला पाऊण इंचाची ह्युबर (पोर्टची खास सुई) पुष्कळदा पोचतच नाही, एक इंची घ्या. हात वर करायला, मान वळवायला, खोकायला सांगा, आडवं झोपवा. 10 मिली सलाईन थांबत-थांबत द्या, मग हलकेच ओढा. जोरात ओढलं तर कॅथेटर शिरेच्या भिंतीला चिकटतं. तरी नाही आलं तर डॉक्टरांना सांगा: त्यांच्या ऑर्डरने अल्टेप्लेज (गुठळी विरघळवणारं औषध) 2 मिग्रॅ, 2 मिलीत, अर्धा ते दोन तास आत ठेवून, नाहीतर डाय सोडून एक्स-रे. एसटी चुकली तर चुकू द्या.

पोर्टमध्ये रक्त गोठू नये म्हणून सोडायच्या हेपरिनची 5 मिलीची व्हायल दोन ताकदींत येते, 5,000 आणि 25,000 युनिट. 1 मिलीत 9 मिली सलाईन घालून मिलीला 100 युनिट होतात ते पहिलीचेच. घाईत दुसरी उचलली की पाचपट. लेबलवर "प्रति मिली" वाचा.

2 मिलीची सिरिंज पोर्टला नको, दाबाने कॅथेटर फुटतं. 10 मिलीचीच घ्या. साधी सुई तर कधीच नाही, सेप्टमचा (पोर्टच्या रबरी पडद्याचा) तुकडा निघतो.

निडल टोचण्याआधी कातडीवर क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) 30 सेकंद घासा आणि आपोआप वाळू द्या. फुंकर घालणाऱ्यांनी पोर्टला हातच लावू नये. मे महिन्यात घामाने ड्रेसिंगची कड सुटते. वरून टेप चिकटवू नका, पूर्ण बदला.

फ्लशनंतर (पोर्टमधून सलाईन सोडल्यावर) पेशंट थडथड कापायला लागला तर पोर्टमध्ये जंतुसंसर्ग असू शकतो, पुन्हा फ्लश नको. पोर्ट आणि हात, दोन्हीकडून रक्ताचं कल्चर (जंतूंची तपासणी) पाठवा.