एरर कॉइन आहे की मार खाल्लेलं नाणं, हे कसं ओळखायचं

एरर कॉइन म्हणजे टांकसाळीतच चुकीचं छापलं गेलेलं नाणं, आणि मार खाल्लेलं म्हणजे नंतर बाहेर बिघडलेलं किंवा बिघडवलेलं. पहिली गोष्ट, नाणं घासू नका. चिंच नाही, टूथपेस्ट नाही, काहीच नाही. चकाकी येते पण बारीक खुणा जातात आणि मग जाणकार माणूससुद्धा काही सांगू शकत नाही. दहा पटीचं भिंग, सराफी वजनकाटा आणि त्याच प्रकारचं एक चांगलं नाणं शेजारी ठेवा, बास.

वजन करा. कॉपर-निकेलचा जुना पाचचा 9 ग्रॅम, दोन धातूंचा दहाचा 7.71 ग्रॅम. वजन कमी आणि अक्षरं सगळी झिजून बारीक दिसत असतील तर ते बहुतेक अ‍ॅसिडमध्ये बुडवलेलं आहे, सोडून द्या.

उठलेली रेघ असेल तर डायला, म्हणजे नाण्यावर चित्र उठवणाऱ्या साच्याला, चीर गेलेली असू शकते, कारण त्या चिरेत धातू शिरतो. खोल गेलेली रेघ आणि तिच्या काठाला धातू वर आलेला, म्हणजे ओरखडा.

आता खरी अडचण, उलटा ठसा. हा भाग समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. टांकसाळीत कधीकधी ठोकलेलं नाणं डायलाच चिकटून राहतं, मग पुढच्या कोऱ्या चकतीवर त्या नाण्याचं चित्र आरशातल्यासारखं उलटं आणि खोल उमटतं, याला ब्रॉकेज म्हणतात आणि याला चांगली किंमत येते. पण दोन नाणी वाइसमध्ये (लोखंडी पकडीत) धरून आवळली तरी उलटी खोल अक्षरं येतात, आणि आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाइस आणि प्रेस गल्लोगल्ली आहेत, कुणालाही पाच मिनिटांत जमतंय! म्हणून उलटी अक्षरं बघून खूश होऊ नका, त्यांच्या खाली काय आहे ते बघा. खऱ्या ब्रॉकेजमध्ये त्या बाजूला डाय पोचलेलाच नसतो, म्हणून तिथं नाण्याचं स्वतःचं चित्र नसतं. आवळलेल्या नाण्यात मूळ सिंह किंवा आकडा चेपून सपाट झालेला, पण तिथंच असतो. नाणं दिव्याखाली तिरकं धरून हळूहळू फिरवा, चेपलेला भाग चकाकतो. मूळ चित्राचा एक कोपरा जरी उलट्या अक्षराखाली दबलेला दिसला तरी माझ्या लेखी ते नाणं बाद, विकणारा काहीही सांगू दे.

दहाच्या नाण्यात मधला गोल फिरलेला दिसतो, सिंह तिरके आणि बाजूचं 'भारत' सरळ. हे शंभर टक्के बाहेर केलेलं. कडं आणि मधली चकती आधी एकत्र बसवतात आणि मग एकाच ठोक्यात छापतात, त्यामुळं चित्र असं तुटूच शकत नाही.

कड चावल्यासारखी असेल तर बरोबर समोरची कड बघा. तिथं ती पुसट असेल तर खऱ्या एररची चांगली खूण. कापाजवळ अक्षरं सुरीनं कापल्यागत थांबली असतील तर कानस मारलेली.

'या नाण्याला लाखो मिळतील' असले व्हिडिओ बघून कुणाला आगाऊ फी पाठवू नका, रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच अशा फसवणुकीबद्दल सावध केलंय.

आणि शिवराईला, म्हणजे शिवकाळातल्या तांब्याच्या नाण्याला, यातलं काही लावू नका. ती हातानं ठोकलेली, डाय बऱ्याचदा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळं 'श्री राजा शिव' मधलं अर्धं अक्षर कडेबाहेर जाणं नेहमीचंच आहे. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात असो की ऑनलाइन, त्याला एरर म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका.